१९ आसनांचं विमान आणि जळगावची रात्रगाडी

२३ डिसेंबर २०१७, शनिवार. या दिवशी एअर डेक्कनची मुंबई–जळगाव विमानसेवा सुरू झाली. विमान होतं बीचक्राफ्ट १९००डी, दोन पंख्यांचं, १९ आसनांचं. लहान शहरांना स्वस्त विमानसेवा देणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेखाली तिकिटाचा दर बांधलेला, तोट्याची भरपाई ठरलेली, विमानतळ तयार. तरीही काही महिन्यांतच फेऱ्या अनियमित झाल्या आणि मग थांबल्या. २०१८ सरता सरता कंपनीला योजनेतून मिळालेले बहुतेक मार्ग रद्द झाले होते. एप्रिल २०२० मध्ये तिने सगळी उड्डाणं बेमुदत थांबवली आणि कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवलं.

जळगावात या प्रकरणाबद्दल दोन मतं ऐकू येतात. एक म्हणजे, ‘आपल्याकडे विमानात बसणारं पब्लिकच नाही.’ दुसरं, ‘मुंबईवाल्यांनी स्लॉट दिले नाहीत, नाहीतर मस्त चाललं असतं.’ पहिलं मला साफ अमान्य आहे. दुसरं, म्हणजे मुंबईत उतरण्या-उडण्याच्या ठरावीक वेळा (स्लॉट) न मिळाल्याचं, अर्धंच खरं आहे. चार्टर, म्हणजे अख्खं विमान भाड्याने देण्याच्या धंद्यात मुरलेल्या कंपनीला सरकारी योजनेने एका रात्रीत वेळापत्रकवाली एअरलाइन करून टाकलं. कागद बदलले, परवाना बदलला, पण विमानं, माणसं आणि सवयी जुन्याच राहिल्या. ज्या गावाला रोज त्याच वेळी सुटणाऱ्या रात्रगाडीची सवय आहे, तिथे हे उघडं पडायला वेळ लागला नाही.

कंपनीची कुळकथा

ही कंपनी नवखी नव्हती. कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांनी १९९७ मध्ये बंगळुरूत डेक्कन एव्हिएशन काढली ती हेलिकॉप्टर भाड्याने देण्यासाठी. उद्योगपती, सर्वेक्षणं, तातडीचे रुग्ण, तीर्थयात्री, निवडणुकीचा प्रचार, अशी गिऱ्हाइकं. २००३ मध्ये त्यातूनच एअर डेक्कन निघाली. पहिलं विमान ४८ आसनांचं एटीआर, मार्ग बंगळुरू–हुबळी. स्वस्त तिकीट हे हिचं भांडवल. एक रुपयाच्या तिकिटाची जाहिरात आजही लोकांच्या लक्षात आहे. तीन-चार वर्षांत साठेक शहरं जोडली गेली आणि तोटाही त्याच वेगाने वाढला. २००७ मध्ये विजय मल्ल्यांच्या समूहाने २६ टक्के हिस्सा सुमारे ५५० कोटींना घेतला, पुढच्या वर्षी किंगफिशर आणि डेक्कन एक झाल्या, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर जमिनीवर आली ती आलीच.

मधल्या काळात गोपीनाथांनी डेक्कन ३६० ही मालवाहू सेवा २००९ मध्ये सुरू केली, ती २०११ मध्ये बंद पडली. हातात उरला तो मूळचा चार्टर धंदा. २०१७ मध्ये उडानच्या बोलीत उतरली ती हीच डेक्कन चार्टर्स, ‘एअर डेक्कन’ हे जुनं नाव घेऊन. तोवर कंपनीत अहमदाबादच्या गुंतवणूकदारांचा पैसा आलेला होता. लोकांनी मात्र ओळखलं ते जुन्या नावाला. जळगावच्या पेढीवर बसलेल्या माणसाच्या मनात ‘एअर डेक्कन’ म्हटलं की २००५ सालचं मोठं विमान आणि एक रुपयाचं तिकीट यायचं. प्रत्यक्षात येणार होतं ते वेगळंच काही.

चार्टर म्हणजे काय, हे खानदेशाला कळतं

चार्टर म्हणजे श्रीमंतांची चैन असं आपण समजतो. खरं तर खानदेशातल्या लहान गावांनीही चार्टर पाहिलंय. निवडणुकीत शाळेच्या मैदानावर चुन्याचा गोल आखतात, धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारतात, पोरं झाडावर चढतात आणि हेलिकॉप्टर येतं, ते चार्टरच असतं. नेते तीन तास उशिरा आले तरी मंडप उठत नाही. या धंद्याचा आत्मा यातच आहे. गिऱ्हाईक एकच असतं, ते पूर्ण यंत्राचे पैसे मोजतं, रिकाम्या परतफेरीचेही मोजतं. पायलटच्या ड्यूटीचे तास संपले किंवा हवा बिघडली, तर फोनवर बोलून वेळ पुढे ढकलता येते. गिऱ्हाईक नसेल त्या दिवशी विमान हँगरमध्ये उभं राहतं आणि इंधनाचा थेंबही जळत नाही.

वेळापत्रकाच्या सेवेत यातलं काहीच लागू नाही. चार प्रवासी असले तरी उडायचं. आज उडलं नाही तर उद्याचे चौदा जणही तिकीट काढताना दोनदा विचार करणार. एक विमान बिघडलं तर दुसरं हाताशी हवं, म्हणजे महिन्यातले कित्येक दिवस नुसतं उभं राहण्यासाठी एक विमान आणि त्याचे पायलट पोसायचे. चार्टरवाल्याच्या डोक्याला हा खर्च निव्वळ उधळपट्टी वाटतो, आणि त्याच्या धंद्यात ती असतेच.

धावपट्टी आधी, विमान नंतर

जळगावचा विमानतळ शहराबाहेर कुसुंब्याजवळ, अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला. जुन्या धावपट्टीचा विस्तार करून तिथे पूर्ण विमानतळ करायचं ठरलं तेव्हा राष्ट्रपतिपदावर प्रतिभाताई पाटील होत्या. जळगाव जिल्ह्यातल्या, मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या, १९६२ मध्ये जळगावातूनच पहिल्यांदा आमदार झालेल्या. २०१० मध्ये त्यांच्याच हस्ते पायाभरणी झाली आणि मार्च २०१२ मध्ये उद्घाटनही. टुमदार टर्मिनल, सतराशे मीटरच्या आसपास धावपट्टी. एटीआरसारख्या पंख्याच्या विमानाला ती पुरते, एअरबस किंवा बोइंगला पुरत नाही.

उद्घाटनानंतर साडेपाच वर्षांहून अधिक काळ या विमानतळावर नियमित प्रवासी सेवा अशी नव्हतीच. नेत्यांची, उद्योगपतींची विमानं यायची. कुठलीही एअरलाइन आपणहून जळगावला का आली नाही, याचं उत्तर त्या साडेपाच वर्षांतच होतं. ते कोणी नीट शोधलं असतं तर पुढचं बरंचसं टळलं असतं, असं मला वाटतं.

आणि पब्लिक नव्हतं, हे तर मुळीच खरं नाही. जळगावचा सराफ बाजार अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दाल मिला आहेत, प्लॅस्टिकच्या चटया आणि पाइप बनवणारे कारखाने आहेत, जिनिंग आहेत, ठिबक सिंचनातली जगभर माल पाठवणारी कंपनी इथलीच. रावेर–यावलची केळी रोज उत्तर भारतात जाते. इथल्या घरांतली पोरं पुण्यात, बंगळुरूत, अमेरिकेत आहेत. पैसा आहे, जाणं-येणं आहे. सवाल एवढाच, की या माणसांना विमान कुठल्या वेळी, कुठे आणि किती भरवशाने हवं होतं.

उडानचं यंत्र

ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेची घडी समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. साधारण तासाभराच्या उड्डाणाला २,५०० रुपये असा दर बांधला. विमानातली निम्मी आसनं, किमान ९ आणि कमाल ४०, या दराने विकायची. उरलेली बाजारभावाने. बांधील दरामुळे येणारी तूट तीन वर्षं भरून द्यायची, त्यातला ८० टक्के भार केंद्राकडचा आणि २० टक्के राज्याचा. केंद्राचा पैसा उभा करायला मोठ्या शहरांमधल्या उड्डाणांवर अधिभार बसवला. विमानतळाने उतरण्याचं आणि उभं राहण्याचं शुल्क घ्यायचं नाही. राज्याने अशा विमानतळांवर इंधनावरचा व्हॅट १ टक्क्यावर आणायचा, पोलीस आणि अग्निशमन फुकट पुरवायचं. आणि तीन वर्षं त्या मार्गावर दुसऱ्या कोणाला योजनेतून प्रवेश नाही.

ऐकायला उत्तम. मेख बोलीत होती. जो सर्वांत कमी भरपाई मागेल, त्याला मार्ग. म्हणजे ज्याने खर्चाचा अंदाज सर्वांत आशावादी धरला तो जिंकणार आणि सावधपणे हिशेब मांडणारा घरी बसणार. मार्च २०१७ मध्ये बोलीच्या पहिल्या फेरीचे १२८ मार्ग जाहीर झाले. त्यातले ५० एअर ओडिशाला आणि ३४ एअर डेक्कनला मिळाले. देशाच्या प्रादेशिक विमानसेवेचे दोन-तृतीयांश मार्ग अशा दोन कंपन्यांकडे गेले, ज्यांच्याकडची विमानं बोटांवर मोजता आली असती. दोन्हींतला मोठा पैसा अहमदाबादचाच होता. बोली उघडली तेव्हा ‘एवढ्या मार्गांना विमानं आणणार कुठून?’ हा प्रश्न कोणी जोरात विचारला असता तर बरं झालं असतं. निविदेत मात्र भरपाईचा आकडा बघतात आणि अनामत रक्कम बघतात.

हिशेब मांडून बघू

आकडे उदाहरणापुरते धरतो, कंपनीच्या वह्या माझ्याकडे नाहीत. विमानाची १९ आसनं. त्यातली ९ बांधील दराने, धरा २,५०० रुपये, म्हणजे २२,५००. उरलेली १० चार हजारांनी गेली तर ४०,०००. विमान काठोकाठ भरलं तर एका फेरीचे ६२,५०० रुपये. बारा जण आले तर? स्वस्त नऊ आधी संपतात, महागातली तीनच जातात, म्हणजे ३४,५००.

आता खर्च. या विमानाला तासाला चारशे लिटरहून जास्त इंधन लागतं. लिटरला ६० रुपये धरले तरी एका फेरीला पंचवीस हजारांच्या आसपास. त्यावर दोन पायलट, इंजिनिअर, विमानाचं भाडं, विमा, आणि दर तासामागे इंजिनाच्या पुढच्या ओव्हरहॉलसाठी बाजूला ठेवायची रक्कम.   मोठ्या विमानात पायलटचा पगार सत्तर किंवा एकशे ऐंशी तिकिटांवर वाटला जातो, इथे तोच एकोणिसांवर. त्यामुळे प्रत्येक तिकिटामागचा खर्च मोठ्या विमानापेक्षा जास्तच राहतो, स्वस्तात चालवायचं कितीही ठरवलं तरी.

सरकारी भरपाई आली की बेरीज कशीबशी जुळते. पण ही भरपाई उडालेल्या फेरीवर मिळते. फेरी रद्द झाली की तिकिटाचे पैसे परत, भरपाई शून्य, आणि भाडं, पगार, विमा चालूच. दोन दिवस विमान दुरुस्तीला गेलं तर आठवड्याचा नफा गेला. चार्टरमध्ये विमान उभं राहिलं तर इंधन वाचतं म्हणून मालक सुस्कारा टाकतो. इथे उभं राहिलेलं विमान दोन्ही बाजूंनी खातं.

आणि हे विमान उभं राहणार होतंच. बीचक्राफ्ट १९००डी यंत्र म्हणून दणकट. केबिनमध्ये हवेचा दाब राखलेला, आत ताठ उभं राहून चालता येतं, आखूड धावपट्टीवर सहज उतरतं. पण त्याचं उत्पादन २००२ मध्येच बंद झालं. म्हणजे २०१७ मध्ये जळगावला उतरणारं कुठलंही १९००डी किमान पंधरा वर्षं वापरलेलं असणार. सुटे भाग बाहेरदेशातून मागवायचे, कस्टममधून सोडवायचे. या प्रकारावर पात्रता असलेले पायलट देशात मोजके. एकाने नोकरी सोडली की बदली लगेच मिळत नाही. एटीआरचं तसं नव्हतं, त्या विमानावर शिकलेली माणसं आपल्याकडे आधीपासून होती.

मुंबईहून नाशिक, कोल्हापूर आणि जळगाव, शिवाय पुणे–नाशिक, एवढे महाराष्ट्रातले मार्ग या कंपनीकडे होते. मूठभर विमानांवर एवढी गावं बांधली की एकाचं दुखणं सगळ्यांना. नाशिकला विमान अडकलं की जळगावची फेरी गेली, असं व्हायला काही गंभीर बिघाडही लागत नाही.

मुंबईचा दरवाजा

आता त्या स्लॉटच्या तक्रारीकडे. ती खोटी नाही. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. २० जानेवारी २०१८ रोजी, म्हणजे जळगावची सेवा सुरू होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, मुंबई विमानतळाने २४ तासांत ९८० विमानांची ये-जा हाताळून विक्रम केला. एवढ्या दाटीत कोणाला जागा द्यायची? १८० जणांना घेऊन येणारी एअरबस आणि १९ आसनांचं बीचक्राफ्ट, दोघांनाही धावपट्टीवर तेवढीच वेळ लागते. पहिलीकडून शुल्क मिळतं, दुसरीकडून योजनेच्या नियमानुसार उतरण्याचं काहीच घ्यायचं नाही. विमानतळ खासगी कंपनीच्या हातात. तिने गर्दीची वेळ आनंदाने सोडावी अशी अपेक्षा सरकारने तरी का धरली, हे मला आजवर उमगलेलं नाही. मार्ग मार्चमध्ये मिळाले आणि पहिलं विमान डिसेंबर उजाडल्यावर उडालं. त्यात या वाटाघाटींचा मोठा वाटा होता.

पण फक्त स्लॉटवर खापर फोडलं की एक गोष्ट सुटते. सकाळची सोन्यासारखी वेळ मिळाली असती, तरी ती रोज पाळायला विमान हवं होतं. स्लॉटचा नियम असा, की वापरला नाही तर पुढे तो हातातून जातो. आठवड्यात दोनदा फेरी रद्द करणाऱ्याने सकाळची वेळ मागितली तर त्याला ती कोणीही किती दिवस ठेवू दिली असती?

खरी स्पर्धा

या मार्गावर एअर डेक्कनची स्पर्धा दुसऱ्या एअरलाइनशी नव्हती. ती रेल्वेशी होती, आणि नेमकं सांगायचं तर रात्रीच्या रेल्वेशी.

जळगाव जंक्शन मुंबई–नागपूर मुख्य मार्गावर आहे, सुरतेकडची ताप्ती खोऱ्याची लाइन इथेच येऊन मिळते. पुढे पंचविसेक किलोमीटरवर भुसावळ, रेल्वेचं गावच. मुंबई साधारण ४२० किलोमीटर. विदर्भातून येणाऱ्या गाड्या रात्री जळगावला येतात आणि पहाटे-सकाळी दादर, सीएसएमटी गाठतात. सराफाला झवेरी बाजारात काम आहे, चटईवाल्याला मशीद बंदरला जायचंय, कोणाला मंत्रालयात फाइल बघायची आहे. घरी जेवून, बॅग उचलून स्टेशनला जायचं. बर्थवर झोपायचं. सकाळी दादरला उतरून आवरायचं, दिवसभर कामं उरकायची, रात्री परतीची गाडी धरायची आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला हजर. हॉटेलचा खर्च नाही. तेव्हा एसी थ्री-टियरचं तिकीट हजाराच्या आत होतं.

यात नजरेतून निसटणारी गोष्ट म्हणजे वेळ. कागदावर रेल्वेला सात तास आणि विमानाला एक तास. पण रेल्वेचे ते सात तास झोपेचे आहेत, धंद्याच्या दृष्टीने फुकट. विमान भरदुपारचं असेल तर आधी कुसुंब्याला जाणं, तासभर आधी पोचणं, उड्डाण, मग सांताक्रूझहून दक्षिण मुंबईपर्यंतचं ट्रॅफिक, असा कामाचा अर्धा दिवस जातो. शिवाय मुक्काम करावा लागतो. एका तासाचं विमान व्यापाऱ्याला रात्रगाडीपेक्षा महाग पडतं ते तिकिटामुळे कमी आणि दिवस मोडल्यामुळे जास्त.

हे विमान जळगावातून सकाळी सात-साडेसातला निघून संध्याकाळी परत आलं असतं तर गोष्ट वेगळी. तशी फेरी सराफानेही घेतली असती, डॉक्टरनेही, कंपनीच्या अधिकाऱ्यानेही. पण त्यासाठी विमानाचा मुक्काम जळगावात हवा, पायलटची राहायची सोय जळगावात हवी, सकाळी धुकं किंवा बिघाड असला तर इंजिनिअर जागेवर हवा, आणि मुंबईची सकाळची वेळ हवी. यातली एकही गोष्ट स्वस्त नाही.

उरला तो ज्याला रात्रगाडी सोयीची नाही असा प्रवासी: आजारी माणूस, वयस्कर आई-वडील, आणि मुंबईहून पुढे परदेशी किंवा दक्षिणेत विमान पकडणारा. विमानाचा हा हक्काचा गिऱ्हाईक. पण भरवसा सर्वांत जास्त याला लागतो. मुंबई–दुबईचं तिकीट हातात असताना जळगावची फेरी आदल्या रात्री रद्द झाली, तर हा माणूस पुन्हा या विमानाचं नाव काढत नाही, आणि घरच्या लग्नात पन्नास जणांना तो किस्सा सांगतो. रेल्वे दोन तास लेट झाली तर कोणी इतकं मनाला लावून घेत नाही, कारण तिच्या मागोमाग दुसरी गाडी असते. विमानाच्या मागे काहीच नव्हतं.

रद्द फेरीमुळे भरवसा जातो. भरवसा गेला की तिकिटं आयत्या वेळी निघतात. आयत्या वेळी निघतात म्हणून आधी विमान रिकामं दिसतं, आणि रिकामं दिसणारं विमान चार्टरच्या सवयीचा माणूस उडवायला कचरतो. पुढची फेरी रद्द होते ती इथूनच.

पडझड

पुढचं लवकर सांगण्यासारखं आहे. २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्या फेऱ्या आधी विस्कळीत झाल्या, मग बंद झाल्या. वर्षअखेरीपर्यंत विमानतळ प्राधिकरणाने एअर डेक्कन आणि एअर ओडिशा या दोघींचे बहुतेक मार्ग काढून घेतले. एअर डेक्कन इतरत्र मोजक्या मार्गांवर तग धरून राहिली. २५ मार्च २०२० पासून कोविडमुळे देशांतर्गत विमानं थांबली आणि पंधरवड्यात कंपनीने हात वर केले. लोक कोविडला दोष देतात. कोविडने फक्त तारीख ठरवली.

हे जळगावचंच नशीब होतं असंही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात उडानच्या बोलीच्या तिसऱ्या फेरीपर्यंतचा लेखाजोखा आहे. ७७४ मार्ग दिले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनीच तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. भरपाई संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिले होते ५४. एअर डेक्कनच्या गळ्यात सगळं घालण्याआधी हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत. अर्धे मार्ग सुरूच होत नसतील तर दोष बोलीच्या पद्धतीत शोधावा लागतो, एका कंपनीच्या व्यवस्थापनात नाही. कंपनीचा दोष आहेच. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हे तिला बोली लावताना कळायला हवं होतं, आणि २००३ ते २००८ चा अनुभव गाठीशी असताना तर नक्कीच.

त्यानंतरचं जळगाव

१ सप्टेंबर २०१९ पासून हैदराबादच्या ट्रूजेटने अहमदाबाद–जळगाव–मुंबई सेवा सुरू केली, एटीआर-७२ विमानाने. सत्तरेक आसनं, एटीआरवर शिकलेले पायलट, आणि जळगाव हे एका लांब साखळीतलं मधलं ठिकाण. अहमदाबादची बाजू मला त्यात जास्त शहाणपणाची वाटली होती. खानदेशाचा अर्धा व्यापार गुजरातेशी आहे. नंदुरबार, धुळ्याच्या कितीतरी घरांत सोयरीकही तिकडचीच. पण ट्रूजेटची स्वतःची आर्थिक तब्येत नाजूक होती आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिचीही उड्डाणं थांबली. त्यात जळगावचा दोष काडीचाही नव्हता.

२०२४ मध्ये गोव्याच्या फ्लाय९१ ने जळगावहून गोवा, हैदराबाद आणि पाठोपाठ पुणे अशी सेवा सुरू केली, पुन्हा एटीआर घेऊन. मुंबई तेव्हा या यादीत नव्हती, हे मला सर्वांत बोलकं वाटतं. जळगावहून मुंबईला रात्रगाडी आहे, तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही. पुण्याला तशी सरळ सोय नाही. रेल्वे मनमाडहून वळसा घेत जाते, गाड्या कमी, आणि बाकी सगळी भिस्त रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या स्लीपरवर. दिवाळी, अक्षय्य तृतीया किंवा लग्नसराईत त्या स्लीपरचे दर कुठवर जातात हे हिंजवडीत नोकरी करणाऱ्या कुठल्याही जळगावकर पोराला विचारा. विमानाने ज्या वाटेवर झुंज द्यायची ती वाट ही.

सुरुवातीला ही सेवाही रोजची नव्हती, आठवड्यातले ठरावीक दिवस असायची. मला त्यात कमीपणा वाटत नाही. तीनच दिवस असोत, पण ते तीन दिवस ठरल्या वेळी उडावं. धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवरून प्रवासी विमान उडवण्याची भाषा अधूनमधून निवडणुकीच्या तोंडावर ऐकू येते. सध्या तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. ती मागणी पुढे रेटण्याआधी धुळ्याच्या व्यापाऱ्यांनी एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर लिहावं: कोणत्या गावाला, आठवड्यातून किती वेळा, सकाळी किती वाजता, आणि विमान बिघडलं तर त्या दिवशी दुसरं कुठून येणार. शेवटच्या रकान्यात काय भरलंय ते आधी बघावं.